माईक घेण्याआधी खोली ऐकली

घरच्या कॉम्प्युटरवर रेकॉर्डिंग करायचंय, कोणता माईक घेऊ, असं विचारणाऱ्याच्या खिशात दोन-तीन माईकची नावं आधीच असतात. खोली कशी आहे, पंखा चालू राहणार की बंद, तोंड माईकच्या किती जवळ राहणार, हे मात्र तो सांगत नाही, कारण ते त्याला कुणी विचारलेलंच नसतं. आमचीही सुरुवात यादीनेच झाली. परभणीतली दहा बाय बाराची खोली, वर स्लॅब, खाली फरशी, भिंती गुळगुळीत प्लास्टरच्या. काम दोन तऱ्हेचं: एकट्या माणसाने मराठी मजकूर वाचायचा आणि अधूनमधून पेटी-पखवाजावर भजन. यादी बाजूला ठेवली, आधी खोली तपासली, मग उसने आणलेले माईक एकेक करून लावले, खरेदी सगळ्यांत शेवटी. त्याच क्रमाने इथे मांडतो आहोत.

पहिलं रेकॉर्डिंग एक शब्दही न बोलता केलं. माईक जिथे राहणार तिथेच ठेवायचा, कॉम्प्युटरवर ऑडॅसिटी उघडायचं (ते मोफत आहे), नेहमीच्या आवाजात वाचायचं आणि सगळ्यांत मोठा उच्चार मीटरवर उणे १० डीबीच्या (डेसिबलच्या; शून्य म्हणजे मीटरचं वरचं टोक) आसपास जाईल इतका गेन, म्हणजे माईकचा आवाज वाढवायचं प्रमाण, लावायचा. मग गेनला हात न लावता अर्धा मिनिट गप्प बसायचं. या शांततेची पट्टी उणे ६० डीबीच्या खाली राहिली तर खोली कामाची. ऑडिओबुकच्या धंद्यातही हीच मर्यादा धरतात. मोबाइलच्या रेकॉर्डरवर ही चाचणी करू नका. शांतता आली की आवाज आपोआप वर ओढायची सोय त्यात बऱ्याचदा असते, मग चांगली खोलीसुद्धा वाईट दिसते.

माईक वीतभर अंतरावर ठेवून आमच्या खोलीत सगळं बंद असताना पट्टी उणे ५८ वर होती. पंखा तीनवर केला की उणे ४६. कूलर लावला तर उणे ३५, म्हणजे वाचणाऱ्याच्या प्रत्येक शब्दामागे नळ सोडल्यासारखा आवाज. फ्रिज शेजारच्या खोलीत होता तरी त्याचा कॉम्प्रेसर सुरू झालेला मीटरवर दिसला. कानाला न जाणवणाऱ्या गोष्टी अशा एकेक करून सापडतात: भिंतीवरचं घड्याळ, चोक असलेली जुनी ट्यूब, यूपीएसचा पंखा. एका वेळी एकच वस्तू चालू-बंद करा आणि आकडा वहीत लिहा. ही वही पुढे माईकच्या जाहिरातीपेक्षा जास्त उपयोगी पडते.

वेळेचीही नोंद करा. सकाळी नळाला पाणी येण्याच्या वेळी रेकॉर्डिंग होतच नाही. दुपारी दोन ते चार गल्ली शांत असते, पण मे महिन्यात त्याच वेळी पारा ४२ च्या पुढे असतो आणि पंखा बंद करून पंधरा-वीस मिनिटांवर कुणी वाचू शकत नाही. रात्री अकरानंतर कुत्री. लाईट येते त्या क्षणी आजूबाजूच्या बोअरच्या मोटारी एकदम सुरू होतात. उलट लाईट गेल्यावरची वेळ उत्तम. पंखा नाही, कूलर नाही, फ्रिज नाही, मोटारी नाहीत, लॅपटॉप बॅटरीवर, म्हणजे चार्जरची झर्रही नाही. लोडशेडिंगला इतकं चांगलं म्हणणारे आम्हीच असू, पण वहीतला सगळ्यांत खालचा आकडा त्याच वेळेचा आहे.

कूलरबद्दल थोडं अधिक. त्याचा आवाज एका सुराचा नसतो, खालपासून वरपर्यंत सगळ्या पट्टीत पसरलेला असतो आणि त्यात पाण्याची टपटप. ऑडॅसिटीतल्या नॉइज रिडक्शनने तो काढायला गेलात तर शब्दांच्या कडा खाल्ल्या जातात आणि माणूस पाण्याखालून बोलल्यासारखा वाटतो. पंख्याचा आवाज थोडा कमी करता येतो: सहा ते नऊ डीबीपर्यंत, त्यापुढे नाही. शिवाय कूलरचा झोत थेट माईकवर आला तर जाळीवर घरघर बसते, ती वेगळीच. आम्ही ठरवलं ते असं: वाचण्याआधी अर्धा तास कूलर लावून खोली गार करायची, मग तो बंद, पंखा एकवर, वीस मिनिटं वाचन, पुन्हा कूलर.

मग टाळी. खोलीच्या मधोमध उभं राहून एक कडक टाळी वाजवा. मागे ‘टर्रर्र’ अशी पत्र्यासारखी शेपूट ऐकू आली तर दोन समोरासमोरच्या उघड्या भिंती आवाज एकमेकींकडे फेकत आहेत. गावाकडच्या माळवदाच्या घरात ही शेपूट सहसा नसते: जाड मातीच्या भिंती, वर लाकडी सरे आणि मातीचा थर, कुठलाच पृष्ठभाग सपाट-गुळगुळीत नाही. स्लॅबच्या खोलीत ती हमखास असते. पत्र्याच्या खोलीचं दुखणं निराळं. ऊन चढताना आणि उतरताना पत्रा तडतडतो, पावसात तर विचारूच नका.

या शेपटीवर उपाय म्हणून लोक इंचभर जाडीचे फोमचे चौकोन माईकच्या मागच्या भिंतीवर चिकटवतात. त्यात दोन चुका आहेत. पातळ फोम फक्त वरच्या पट्टीतला आवाज खातो, पुरुषी आवाजाचा घुमारा तसाच राहतो. आणि माईकची पाठ ज्या भिंतीकडे आहे तिकडून तो मुळातच कमी ऐकतो. त्याचं तोंड असतं वाचणाऱ्याकडे आणि वाचणाऱ्याच्या पाठीमागच्या भिंतीकडे. म्हणून झाकायची ती वाचणाऱ्याच्या पाठीमागची भिंत. पिंजाऱ्याकडून भरून घेतलेली कापसाची चार इंची गादी आपल्याकडे बहुतेक घरांत असते. ती पाठीमागे भिंतीपासून चार बोटं सोडून उभी केली, बाजूच्या भिंतीवर दोन वाकळी टांगल्या, खाली सतरंजी. टाळीची शेपूट गेली. खर्च शून्य. अंड्याच्या ट्रेंचा काहीही उपयोग होत नाही, त्यांच्यामागे धावू नका.

आता मुख्य मुद्द्याकडे, म्हणजे अंतराकडे. आवाज देणारी जागा आणि माईक यांतलं अंतर निम्मं केलं की आवाज ६ डीबीने वाढतो. खोलीचा गोंगाट मात्र तेवढाच राहतो, कारण तो चारी बाजूंनी येतो. तोंडापासून वीतभर, म्हणजे नऊ इंचांवर असलेला माईक चार बोटांवर, म्हणजे तीन इंचांवर आणला की शब्द साडेनऊ डीबीने वर येतो, मग गेन तेवढाच खाली घ्यायचा आणि पंखाही तेवढाच खाली जातो. आमची उणे ४६ ची पट्टी या एका हालचालीने उणे ५५ च्या जवळ आली. एवढा फरक माईक बदलून पडत नाही.

माईकच्या दोन मुख्य जाती: डायनॅमिक, म्हणजे स्टेजवर हातात धरतात तसा, आणि कंडेन्सर, म्हणजे स्टुडिओतला, वीज पुरवावी लागते तो. ‘डायनॅमिक माईक आजूबाजूचा आवाज घेत नाही, कंडेन्सर घेतो’ हे वाक्य दुकानदारापासून व्हिडिओवाल्यापर्यंत सगळे म्हणतात. ते अर्धंच खरं आहे. दोन्ही एकाच अंतरावर ठेवा, दोघांची दिशा पकडायची तऱ्हा सारखी असू द्या, वाचनाची पातळी समान करा; पंखा दोघांतही जवळपास तेवढाच ऐकू येईल. कंडेन्सर अधिक संवेदनशील आहे म्हणजे तो सगळंच मोठं करून देतो, शब्दही आणि पंखाही. डायनॅमिकचा खरा फायदा असा की तो तोंडाला चिकटवून वापरण्यासाठीच बनवलेला असतो. जाळीच्या आत फोम असतो, दोन बोटांवरून बोललं तरी तो गुदमरत नाही. म्हणजे तो आपल्याला जवळ यायची मुभा देतो, आणि फायदा त्या जवळ येण्याचा आहे.

दुसरी गोष्ट पाठीची. कार्डिऑइड, म्हणजे समोरून ऐकणारा माईक, बरोबर मागच्या दिशेला सगळ्यांत बहिरा असतो; दोन्ही बाजूंना तो साधारण ६ डीबी कमी ऐकतो. त्याहून अरुंद ऐकणाऱ्या हायपरकार्डिऑइडचा बहिरा कोन पाठीमागे नसून समोरून मोजला तर सुमारे ११० अंशांवर, सुपरकार्डिऑइडचा १२६ च्या आसपास असतो. छताचा पंखा डोक्यावर असतो. टेबलावर छोटं स्टँड ठेवून माईक खालून वर तोंडाकडे रोखला की तो थेट पंख्याकडे पाहतो, आणि बहुतेक घरांत माईक असाच ठेवलेला असतो. त्याऐवजी बूम स्टँडवर, म्हणजे आडवा हात असलेल्या स्टँडवर, वरून लटकवून, नाकाच्या उंचीवरून खाली तोंडाकडे तिरपा केला, तर त्याची पाठ पंख्याकडे जाते. खोलीत आवाज आपटून येतोच, त्यामुळे पंखा नाहीसा होत नाही. पण आमच्या वहीत तीन-चार डीबीचा फरक नोंदलेला आहे.

हे सगळं झाल्यावर उसने माईक. मंडपवाल्याकडून स्टेजचा डायनॅमिक आणला, मानेवर ऑन-ऑफचं बटण असलेला, पी-३८ जॅकच्या (जाड, पाव इंची पिनच्या) वायरचा. तो बारकी ईपी पिन (हेडफोनला असते ती) जोडून थेट लॅपटॉपच्या भोकात घातला. शब्द दूरवरून आल्यासारखे, त्यावर फुसफुस. दोष माईकचा नाही. बोलताना डायनॅमिक माईक एखाद्या मिलिव्होल्टच्या आत-बाहेरच वीज देतो, आणि लॅपटॉपचं भोक स्वतःचा छोटा अँप्लिफायर असलेल्या इलेक्ट्रेट माईकसाठी केलेलं असतं. विंडोजमध्ये मायक्रोफोन बूस्ट ३० डीबीवर नेलं की फुसफुसही ३० डीबीने वर येते. तोच माईक कॅनन पिनच्या, म्हणजे एक्सएलआरच्या वायरने इंटरफेसला, म्हणजे माईकचा आवाज वाढवून यूएसबीने कॉम्प्युटरला देणाऱ्या डबीला, लावला आणि आवाज एकदम पुढे आला. डेस्कटॉपवाल्यांसाठी एक सूचना: कॅबिनेटच्या पुढच्या गुलाबी भोकात माईक लावू नका, आतली वायर मदरबोर्डवरून फिरत येते आणि माउस हलवला तरी किरकिर ऐकू येते. मागचं भोक वापरा.

कॉलरचा माईक. बोया बीवाय-एम१ सारखे स्वस्त कॉलर माईक चारी बाजूंनी ऐकतात, त्यामुळे रिकाम्या खोलीत ते सगळ्यांत आधी उघडे पडतात. पण गादी-वाकळी लावलेल्या खोलीत, छातीवर तोंडापासून वीतभर खाली लावला तर शिकवण्याच्या व्हिडिओला तो पुरेसा आहे. त्याची पिन चार कप्प्यांची असते. माईक आणि हेडफोनची भोकं वेगळी असलेल्या कॉम्प्युटरला मध्ये विभाजक लागतो, नाहीतर काहीच रेकॉर्ड होत नाही आणि माणूस माईक खराब निघाला म्हणून परत करतो. बीवाय-एम१ मध्ये एलआर४४ चा सेल असतो. डबीवरची कळ कॅमेऱ्यावर असेल तर तो लागतो, मोबाइलवर असेल तर नाही.

ऑनलाइन मिळणारा स्वस्त कंडेन्सरचा संचही पाहिला: माईक, कात्रीसारखा हात, फोमची टोपी, सगळं एका खोक्यात. त्यातल्या वायरीच्या एका टोकाला कॅनन आणि दुसऱ्याला ईपी पिन होती. कंडेन्सरला ४८ व्होल्टचा फँटम पॉवर लागतो, कॉम्प्युटरच्या भोकातून जेमतेम दोन ते पाच व्होल्ट मिळतात. हे ४८ व्होल्ट इंटरफेस देतो, त्यामुळे खोक्याची किंमत पाहून घेतलेल्या माणसाला इंटरफेस घ्यावाच लागतो. आणि त्या हाताची स्प्रिंग टेबलाला धक्का लागला की ‘टंग’ वाजते.

चांगला कंडेन्सर म्हणून ऑडिओ-टेक्निकाचा एटी२०२० मित्राकडून आणला. गादीच्या कोपऱ्यात, सगळं बंद असताना, वीतभरावरून वाचलेला मजकूर या सगळ्यांत सुरेख आला. श्वास, ओठांची हालचाल, सगळं. पंखा एकवर केला आणि मजा गेली. इथे एक आकडा समजून घ्यावा. माईकच्या स्वतःच्या फुसफुशीला सेल्फ नॉइज म्हणतात. हे डीबी मीटरवरचे उणे डीबी नव्हेत, हवेतल्या आवाजाचे आहेत. एटी२०२० चा तो २० डीबी, रोडच्या पाचव्या पिढीतल्या एनटी१ चा फक्त ४ डीबी. जाहिरातीत हा फरक मोठा वाटतो आणि शांत स्टुडिओत तो मोठा आहेही. पण पंखा फिरत असलेल्या खोलीचा गोंगाट सहज ४० डीबीच्या वर जातो. त्याखाली २० काय आणि ४ काय, दोन्ही बुडालेले. ज्याला पंखा बंद करता येत नाही त्याने या आकड्यासाठी पैसे मोजू नयेत.

संवेदनशीलतेचा आकडा मात्र जरूर पाहा, कारण त्यावर इंटरफेस ठरतो. शुअर एसएम५८ एका पास्कल दाबाला १.८५ मिलिव्होल्ट देतो, एटी२०२० सुमारे १४, आणि व्हिडिओंत सगळीकडे दिसणारा एसएम७बी जेमतेम १.१२. एसएम७बी ला कंपनीच किमान ६० डीबी गेन सांगते. फोकसराइट स्कार्लेट सोलो या इंटरफेसच्या तिसऱ्या पिढीत तो ५६ आहे, चौथ्या पिढीच्या २आय२ मध्ये ६९. म्हणजे भारी माईक आणि कमी गेनचा इंटरफेस अशी जोडी जमवली की गोल बटण शेवटाला टेकतं आणि वर मध्ये बूस्टर घ्यावा लागतो. एसएम५८ सारखा माईक चार बोटांवरून वाचताना पन्नासच्या आसपास गेनवर नीट चालतो.

या टप्प्यावर झर्र सापडली, आणि तिने दोन दिवस खाल्ले. आधी ती कुठून येते ते ओळखायचं. चार्जरची पिन लॅपटॉपमधून उपसा. झर्र थांबली तर दोष विजेकडून येतो, माईककडून नाही. माईकच्या जाळीला बोट लावल्यावर ती कमी होत असेल तर अर्थिंग नाही असं समजा. तीन पिनांचा चार्जर दोन पिनांच्या सॉकेटमध्ये अ‍ॅडॉप्टर लावून घातलेला असतो, तिथेच अर्थिंग तुटतं. सॉकेट तीन पिनांचं असूनही झर्र राहिली तर वायरमनकडून न्यूट्रल आणि अर्थ यांमधलं व्होल्टेज मोजून घ्या. दोन-तीन व्होल्टच्या वर असेल तर गडबड आहे. आपल्या काळ्या मातीत हे उन्हाळ्यात हमखास होतं: माती भेगाळते, खड्ड्यातला कोळसा आणि मीठ कोरडं पडतं, अर्थिंग नावापुरतं उरतं. खड्ड्यात दोन बादल्या पाणी ओतलं, दुसऱ्या दिवशी झर्र अर्ध्यावर आली.

उरलेली अर्धी पंख्याच्या रेग्युलेटरची निघाली. गोल फिरणारा, पायऱ्या नसलेला स्वस्त रेग्युलेटर विजेची लाट कापून पंखा हळू करतो आणि ती कापाकापी वायरीतून माईकपर्यंत येते. शिवाय पंखाही गुंजतो. कपॅसिटरवाला, टक-टक करत पायऱ्यांनी फिरणारा बसवला की ती जाते. इन्व्हर्टर स्क्वेअर वेव्हचा असेल तर त्यावर चार्जर लावून रेकॉर्डिंग करूच नका. ५०, १००, १५० हर्ट्झवर फिल्टर लावून ही झर्र काढता येते असं सांगतात. सरळ हूं असेल तर येते, झर्र असेल तर तिच्या फांद्या इतक्या वरपर्यंत जातात की शब्दही सोलले जातात.

माईकची परीक्षा घ्यायचा मजकूर मराठीच हवा. इंग्रजी व्हिडिओ ऐकून माईक निवडला की दोन ठिकाणी फसगत होते. एक, आपले महाप्राण. ‘फ’, ‘भ’, ‘ध’, ‘ख’ म्हणताना तोंडातून वाऱ्याचा झोत सुटतो आणि तो जाळीवर आदळला की ‘धप्प’ असा आवाज बसतो. दोन, दंततालव्य ‘च’, ‘ज’, ‘झ’. ‘चहा’, ‘चिमणी’, ‘जेवण’ मधले च-ज मऊ आहेत. ‘चमचा’, ‘चूल’, ‘जवळ’, ‘माझा’ मधले दातावर घासून येतात. वरच्या पट्टीत चकाकी दिलेला माईक ही घासणी सुरीसारखी करतो. आम्ही लिहिलेलं परीक्षेचं वाक्य असं: ‘भाऊच्या फाटक्या फडक्यात धान भरभरून ठेवलं, चुलीजवळ चमचाभर साजूक तूप, चिंच आणि माझी जुनी झारी, शेजारच्या सासूबाईंनी शेवया सोसवेल तशा सोडल्या, बाळाची बाहुली निळी, आजोळची मुळीच नाही.’ अर्थाला फारसा अर्थ नाही, पण फ-भ, दोन्ही च-ज, श-स आणि ळ सगळे आले. प्रत्येक माईकवर हेच, एकाच अंतरावरून, एकाच माणसाने वाचायचं. ऐकताना सगळ्यांची पातळी समान करून घ्या, नाहीतर जो मोठा वाजतो तोच चांगला वाटतो.

झोताचा मार्ग उदबत्तीने बघता येतो. पंखा बंद करा, पेटलेली उदबत्ती तोंडासमोर चार बोटांवर धरा आणि ‘फळ, भाकर, फाटक’ म्हणा. धूर समोर फेकला जातो. उदबत्ती हळूहळू ओठांच्या कोपऱ्याकडे सरकवा. एका जागी धूर जवळजवळ हलतच नाही. माईकची जाळी तिथे हवी: तोंडासमोर नाही, ओठांच्या कोपऱ्याच्या रेषेत, तोंडाकडे तिरपी. यानंतर पॉप फिल्टरची, म्हणजे झोत अडवणाऱ्या पडद्याची, गरज निम्मी होते. तरी लावायचा तर भरतकामाच्या लाकडी रिंगवर जुन्या नायलॉनच्या मोज्याचे दोन पदर ताणून माईकपासून दोन इंचांवर बांधा; मच्छरदाणीचं कापड फार विरळ पडतं. इतक्या जवळून बोललं की आवाजाचा खर्ज फुगतो, कार्डिऑइडचा तो स्वभावच आहे. ८० ते १०० हर्ट्झखालचा भाग कापला की तो आवरतो आणि पंख्याची घुमघुमही त्यात जाते.

शेवटी घेतला तो साधा, हातात धरायचा डायनॅमिक, एसएम५८ च्या जातीचा. वाचनात एटी२०२० त्याच्यापेक्षा सुरेख आहे यात वाद नाही. पण वर्षातले सात-आठ महिने पंखा चालू ठेवून वाचायचं आहे, आणि माईक त्या महिन्यांसाठी घेतला. ज्याला भजनाचं काम नाही, एकट्यानेच बोलायचं आहे, त्याने सॅमसन क्यू२यू किंवा ऑडिओ-टेक्निका एटीआर२१००एक्स असा, यूएसबी आणि कॅनन दोन्ही पिना असलेला डायनॅमिक घ्यावा. आज थेट कॉम्प्युटरला, उद्या वाटलं तर इंटरफेसला. ज्याच्याकडे जाड भिंतींची, पंखा नको असलेली खोली खरोखर आहे, त्याने बिनधास्त कंडेन्सर घ्यावा.

एसएम५८ घेताना सावध राहा, त्याच्या नकला बाजारात ढिगाने आहेत. अस्सल माईकचं वजन २९८ ग्रॅम. किराणा दुकानाच्या काट्यावर वायर काढून ठेवला तर दोन-चार ग्रॅमच्या आत आला पाहिजे. बूड उलटं करून पाहा, तीन पिनांपाशी १, २, ३ असे बारीक आकडे असतात. वजन जुळलं म्हणजे अस्सलच असं नाही, पण वीस-तीस ग्रॅमचा फरक दिसला तर तिथेच परत द्या. अर्ध्या किमतीत ‘सील पॅक’ कुणी देत नाही, मग दुकान हैदराबादचं असो की लातूरच्या गंजगोलाईतलं.

वायर दोन्ही टोकांना कॅनन असलेली, तीन मीटर, त्यापेक्षा लांब कशाला. माईकबरोबर आलेली पी-३८ ची वायर ठेवून द्या. ती बॅलन्स्ड, म्हणजे बाहेरून शिरलेला गोंगाट रद्द करणारी, नसते आणि विजेची घरघर पकडते. स्टँड जमिनीवर उभं राहणारं बूमचं घ्या, टेबलावरचं नको, कीबोर्डचा ठोका त्यातून वर चढतो. हेडफोन कान झाकणारे, नाहीतर ते वाजतात आणि माईक ऐकतो. इंटरफेसवरचं ४८ व्होल्टचं बटण डायनॅमिकसाठी बंद ठेवा. वायर नीट असेल तर त्याने काही बिघडत नाही, पण नीट नसेल तर बिघडतं.

कॉम्प्युटरवर ४८,००० हर्ट्झ, २४ बिट, मोनो. एक माईक स्टिरिओत रेकॉर्ड केला की नवशिक्याचा आवाज एका कानातच येतो आणि मग शोधाशोध सुरू होते. विंडोजच्या साउंड सेटिंगमध्ये ऑडिओ एनहान्समेंट्स बंद करा, नाहीतर थांबलेल्या जागी पंखा आपोआप वर येतो आणि बोलायला लागलं की खाली जातो. वाचताना सर्वोच्च टोक उणे ६ ते उणे १२ डीबीत ठेवा. लाल दिवा लागेपर्यंत गेन नेऊ नका. फाटलेला शब्द शिवता येत नाही, हळू आलेला वाढवता येतो.

भजनाचं गणित वेगळं. पेटी, पखवाज, टाळ आणि गळा एका खोलीत असले की चार बोटांचा नियम फक्त गळ्याला लागू होतो. दोन चॅनलच्या इंटरफेसवर एक डायनॅमिक गाणाऱ्यापुढे आणि एक उसना कंडेन्सर पेटी-पखवाजासमोर तीन-साडेतीन फुटांवर, छातीच्या उंचीला. पखवाजाची धूम डावीकडून येते, शाईची थाप उजवीकडून. माईक मधोमध ठेवून वादकालाच थोडं फिरवलं की तोल साधतो, माईक फिरवण्यापेक्षा हे सोपं. टाळ सगळ्यांवर कुरघोडी करतो. टाळकऱ्याला कंडेन्सरच्या पाठीमागे बसवा, आणि तो रुसणार नाही हेही बघा. भजन शक्य तर देवळाच्या सभामंडपात करावं, तिथला घुमारा वाकळी लावलेल्या खोलीत कुठून आणणार.

चार बोटांचं अंतर वाचता वाचता वाढत जातं. पाचव्या पानावर माणूस मागे रेललेला असतो. म्हणून बूमच्या टोकाला दोऱ्याचा तुकडा बांधून चार बोटांवर गाठ मारली आहे, वाचण्याआधी गाठ हनुवटीला टेकवायची.

इतक्या जवळून वापरलेल्या माईकची जाळी महिनाभरात थुंकीने आणि धुळीने कोंदते, आणि आवाज घोंगडीतून आल्यासारखा होतो. लोक मग गेन वाढवतात. जाळी फिरवून काढा, आतल्या फोमसकट कोमट पाण्यात साबणाने धुवा, जुन्या मऊ ब्रशने घासा. माईकच्या आतल्या भागाला पाणी लागू देऊ नका. फोम आतून पूर्ण वाळल्याशिवाय जाळी परत बसवायची नाही. मे महिन्यात त्याला अर्धा तास पुरतो, श्रावणात रात्रभर ठेवावी लागते.